परळ लांब पडतं
(बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण, भाट्ये, रत्नागिरी)



स्वागताध्यक्षाला विषयातलं काही कळलं नाही तरी चालतं. मांडव, जेवण आणि झोपायची सोय त्यानं पाहिली की लोक त्याला नावाजतात. मी बागायतदार माणूस. माडावर पडलेला गेंड्या भुंगा मी लांबून ओळखतो, पण बाळाची कावीळ ओळखायला तुमच्याच दारात यावं लागतं. तेव्हा जे बोलेन ते नातवंडांचा आजोबा म्हणून ऐकून घ्या.

पुलावरून येताना तुम्ही काजळी नदी समुद्राला मिळताना पाहिली असेल. पलीकडे राजिवडा आणि रत्नागिरी शहर, अलीकडे आम्ही. सुरूचं बन आहे, किनाऱ्याच्या टोकाला झरी विनायक आहे, आणि नारळाची ‘प्रताप’ ही जात जिथं निघाली ते संशोधन केंद्रही इथलंच. सगळं पाहा, पण सत्रं संपल्यावर. दुपारच्या जेवणानंतर बनाकडे सटकणाऱ्यांसाठी आमची दोन दांडगी पोरं दारात उभी केलेली आहेत.

पूल नव्हता तेव्हा तरीतून पलीकडे जावं लागे. तिथून मुंबई गाठायची तर आगबोट, आणि पावसाळ्यात तीही बंद. तरीसुद्धा हाताबाहेर गेलेलं मूल घेऊन कोकणातली माणसं एकाच ठिकाणाचं नाव घ्यायची, ते म्हणजे परळचं वाडिया.

बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ साली उघडलं. केवळ मुलांसाठी उभं राहिलेलं हे आपल्या देशातलं पहिलं स्वतंत्र रुग्णालय मानतात. वडील नौरोसजींच्या नावाचं प्रसूतिगृह १९२६ मध्ये झालं होतं, मग आईच्या नावानं हे. नेस आणि कुसरो या दोघा भावांचं हे दान. पैसा गिरण्यांचा, आणि वस्तीही गिरणी कामगारांचीच. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांत सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्याचा होता. सिंधुदुर्ग तेव्हा आमच्यातच होता, तो १९८१ साली वेगळा झाला. म्हणजे दान वाडियांचं खरंच, पण त्या दगडविटांत आमच्या आजा-पणज्यांचा घामही मुरलेला आहे. पारशीबाबांची माफी मागून मी हे जरा हक्कानं सांगतो.

त्या दवाखान्याला एक जोड होती, ती कुठल्या अहवालात सापडायची नाही. गिरणगावात प्रत्येक गावची एक गावकीची खोली असे. भिंतीशी ट्रंका रचलेल्या, दोरीवर वळकट्या, आणि माणसं पाळीप्रमाणे झोपायची. गावाहून कोणी आजारी मूल घेऊन आली की पुरुष मंडळी गॅलरीत पथारी टाकत आणि खोली बाईमाणसाला मोकळी करून देत. मूल खाटेवर, आई खोलीत, आणि तिची पेज-भाकरी शेजारची खानावळवाली करी. मोठा माणूस एकटा दाखल होऊ शकतो, मूल होऊ शकत नाही. त्याच्याबरोबर आई येते, आईबरोबर अंगावर पिणारं दुसरं एखादं, आणि घरी चूल बंद पडते. बरं करणं डॉक्टरांच्या हातात होतं, पण बरं होईपर्यंत तिथं टिकून राहणं त्या खोलीच्या जिवावर होतं.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्यांच्यामागून खोल्याही गेल्या. आज कोकणातला बाप मुंबईत मूल दाखल करतो आणि स्वतः पदपथावर पथारी पसरतो.

वाडियाची थोरवी मला कमी करायची नाही. जन्मतः एकमेकींना चिकटलेल्या जुळ्या मुली २०१४ साली तिथं शस्त्रक्रियेनं वेगळ्या झाल्या. असली कामं परळलाच व्हावीत, तालुक्याच्या गावी नव्हेत. आणि असा दवाखानाही सुरक्षित नसतो बरं का! जानेवारी २०२० मध्ये अनुदान थकलं म्हणून तो बंद पडायची वेळ आली होती. लोक रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयानं सरकारला खडसावलं, तेव्हा पैसे हलले.

पण परळ आम्हांला लांब पडतं. इथून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. घाट, पाऊस आणि आमचा तो सुप्रसिद्ध महामार्ग यांबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही त्यावरूनच आला आहात. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, आणि त्यांतली ११ पहिल्या महिन्यातच. दीड किलोचं बाळ गाडीत तासाभरात गार पडतं. ते परळला पोचेपर्यंत परळच्या हातात फारसं काही उरत नाही.

वेळेचा हा धडा कोकणाला विंचवानं शिकवला. भातकापणीच्या दिवसांत, कौलांतून, लाकडांच्या ढिगातून लाल विंचू निघतो. मोठ्याला डसला तर तो रात्रभर विव्हळतो, पण पोराला डसला की पोर घामानं निथळतं, ओकतं, हातपाय गार पडतात, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला फेस येतो. मांत्रिकाकडे गेलेले तास परत येत नसत. डॉ. हिंमतराव बावस्कर शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळ, प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. रुग्णांच्या उशाशी रात्री काढून त्यांनी विषाचा हा क्रम टिपला आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून पाहिलं. फुप्फुसात पाणी झालेल्या शंभरांतले तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण दोन-तीनवर आलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विंचू गावात, औषधही गावातच, आणि शोधसुद्धा सरकारी केंद्रातच लागला. मुंबईत बसून तो लागला नसता.

सार्वजनिक दवाखाना म्हणजे गरिबाची नाइलाजाची जागा, ही समजूत म्हणूनच मला पटत नाही. शीवच्या पालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांनाच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. आज आमची आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा खेपा घालते, त्या खेपांचं मूळ तिथं आहे. काटा, तापमापक आणि घड्याळ एवढ्यावर ती बाळाचं वजन, ताप आणि श्वास पाहते. आजच्या सभेत तिला पहिल्या रांगेत बसवलं आहे. हा बदल मी केला, आणि त्यावरून समितीत थोडी कुरकुरही झाली.

आता गाऱ्हाणं नव्हे, मागणं. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, तिथं नवजात बालकांचा विशेष कक्ष आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. शिवाय डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तरी जिल्हा लांबट. मंडणगडच्या बाळाला रत्नागिरीपेक्षा महाड जवळ. लंडनचं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं रुग्णालय १८५२ साली दहा खाटांवर सुरू झालं होतं. आम्हांलाही सात मजले नकोत. मुलांच्या खाटांजवळ रात्री जागं असणारं, दर सहा महिन्यांनी न बदलणारं माणूस हवं. बाळाला ऊब देत नेणारी गाडी हवी, आणि गाडी येईपर्यंत आईच्या छातीशी बाळ कसं बांधायचं हे प्रत्येक उपकेंद्रात ठाऊक असायला हवं. आणि वायरिंग तपासलेलं हवं. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, नवजातांच्या अशाच कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. नव्या यंत्राची फीत कापायला सगळे येतात. जुनी वायर पाहायला कोण येतं, हे एकदा विचारलं पाहिजे.

तुमच्याकडे मागतो आहे तर आमच्याही पदरचं काही हवं. स्वागत समितीनं ठरवलं आहे, की परिषदेच्या वर्गणीतून जे उरेल त्यात गावाची भर घालून इथल्या जिल्हा रुग्णालयाजवळ दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या. दाखल असलेल्या मुलांच्या आयांसाठी. चूल, मोरी, कडी असलेलं दार आणि रोजचा एक डबा. नाव गावकीची खोली असंच ठेवणार आहोत. पहिल्या वर्षाचं भाडं जमलं आहे, पुढच्या वर्षासाठी पावतीपुस्तक बाहेरच्या टेबलावर आहे.

जेवण सव्वा वाजता. सोलकढी आहे, मासे आहेत, शाकाहारी पंगत डाव्या हाताला. खाडीच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते, पोहणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये. तुम्हांला बुडवलं म्हणून उद्या आमच्या नावानं शंख नको. आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो आणि अध्यक्षमहाराजांना उद्घाटनाची विनंती करतो.