केटलीचा कालवा : पाण्याविना उतरणाऱ्या होड्या

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाटाचं पाणी येतं, ऊस येतो, आणि पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणं येतात. आज ज्या कालव्याबद्दल बोलायचंय, तो शेतासाठी खणलेलाच नव्हता. तो होता दगडी कोळसा आणि लोहखनिज वाहायला. लांबी जेमतेम दीड मैल, म्हणजे अडीच किलोमीटरच्या आतबाहेर.

हा कालवा इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातला. एका टोकाला ओकनगेट्सच्या खाणी, दुसऱ्या टोकाला केटलीचा लोखंडाचा कारखाना. (नाव ऐकून चहाची किटली आठवली तर आठवू दे, लक्षात राहील.) कारखाना रेनॉल्ड्स घराण्याचा. विल्यम रेनॉल्ड्सने १७८८च्या सुमारास हा कालवा बांधला तो आपल्याच कारखान्यासाठी.

अडचण एकच होती, पण मोठी. खाणी वर आणि कारखाना खाली, मध्ये ७३ फुटांचा फरक. आता होडी खाली उतरवायची नेहमीची रीत म्हणजे लॉक. दोन दारांमधला पाण्याचा हौद. होडी आत घ्यायची, पाणी खाली सोडायचं, होडी पाण्याबरोबर खाली येते. एका लॉकमध्ये सात-आठ फूट धरले, तर इथे नऊ-दहा लॉक लागले असते. आणि प्रत्येक खेपेला वरचं हौदभर पाणी खाली जाणार, ते परत येत नाही. डोंगरमाथ्यावर एवढं पाणी आणायचं कुठून?

रेनॉल्ड्सने मग होड्या चक्क जमिनीवरून उतरवल्या. उतारावर शेजारी शेजारी रुळांच्या दोन वाटा टाकल्या आणि माथ्यावर लॉक बांधले. रिकाम्या लॉकमध्ये चाकांचा गाडा उभा करायचा, पाणी भरायचं, होडी त्या गाड्यावर आणायची आणि पाणी काढून टाकायचं. होडी गाड्यावर अलगद बसते. मग पुढचं दार उघडलं की गाडा रुळांवरून निघाला खाली. लॉकमधून काढलेलं पाणीही वाया नाही घालवलं. ते बाजूच्या तळ्यात जायचं आणि एक छोटं वाफेचं इंजिन ते परत वर चढवायचं.

होड्या लहान, साधारण वीस फुटांच्या. एकीत आठेक टन माल. पण आठ टनांची होडी उतारावर ओढायला, रोखायला ताकद कुणाची? इथेच खरी गंमत आहे. विहिरीच्या कप्पीला दोन टोकांना दोन बादल्या बांधल्या तर जड बादली खाली जाते आणि हलकी वर येते, तसंच. दोन्ही गाडे माथ्यावरच्या मोठ्या रहाटाला दोरांनी जोडलेले. भरलेली होडी खाली जाताना आपल्या वजनाने रिकामी होडी वर ओढायची. माणसाने फक्त ब्रेक सांभाळायचा.

उताराची कल्पना रेनॉल्ड्सच्या आधीही लोकांना सुचली होती. माझ्या मते त्याची हुशारी दुसरीकडे आहे. आपला माल कायम एकाच दिशेने, खाली जातो आणि वर येतात त्या रिकाम्या होड्या, हे त्याने ओळखलं आणि सगळी रचना त्यावर उभी केली. माल हेच त्याचं इंधन!

ब्रिटनमधला होड्यांचा हा पहिला यशस्वी उतार. लोकांना त्याचं इतकं अप्रूप, की तो नाण्यावर आला. त्या काळी सुट्या पैशांची टंचाई होती, म्हणून कारखानदार स्वतःची तांब्याची नाणी पाडायचे. त्यातल्या एका अर्ध्या पेनीवर एका बाजूला कोलब्रुकडेलचा प्रसिद्ध लोखंडी पूल आहे, आणि दुसऱ्या बाजूला केटलीचा उतार. त्या पुलाचं नाव आज जगभर आहे, केटली कुणाला माहीत?

याचं कारणही त्या रचनेतच आहे. नेपोलियनची युद्धं संपली आणि लोखंडाची मागणी कोसळली. १८१६मध्ये केटलीचा कारखाना बंद पडला. कारखाना बंद म्हणजे खाली जाणारा माल बंद, आणि माल बंद म्हणजे उतार ओढणारी ताकदच गेली. सार्वजनिक कालव्यावर एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. इथे गिऱ्हाईक, मालक आणि इंधन, तिन्ही एकाच दारातून यायचे. उतार तिथेच थांबला. कालव्याचा वरचा तुकडा मात्र पुढेही वापरात राहिला.

कल्पना तोवर शेजारी पोचली होती. १७८८मध्येच मंजुरी मिळालेल्या श्रॉपशर कालव्यावर असेच तीन उतार झाले. तिथे माथ्यावरचे लॉकच काढून टाकले. होडी वाफेच्या इंजिनाने थोडी वर ओढून उताराच्या तोंडाशी आणायची, पुढचं काम वजनावर. त्यातला सेव्हर्न नदीकाठचा ‘हे’ नावाचा उतार तब्बल २०७ फुटांचा, आणि तो १८९४पर्यंत वापरात होता. ब्लिस्ट्स हिलच्या संग्रहालयात तो आजही बघता येतो, त्यावर रूळही आहेत. तिकडे जाणं झालं तर माथ्यावर उभे राहून खाली नक्की बघा.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात.