चौथ्या दिवसानंतर

 

आम्ही म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या बचत गटाच्या बारा बायका. सात जणी गावच्या चर्चमधल्या, पाच जणी इतर समाजातल्या. माइकसमोर बसलीय एकच, गटाची समन्वयक. पण बोलणं बाराही जणींचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतोय. आजचा विषय आहे दुःखाचं घर. घरातलं माणूस गेल्यावर मंडळीनं त्या घराला कसं धरून ठेवायचं, हे बोलायचं आहे.

ज्यांनी ख्रिस्ती घरातली मयत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे देह पुरतात. पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करतात, पेटी चर्चमध्ये नेतात, तिथे गीतं आणि वचन होतं, मग सगळे दफनभूमीत जातात. प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते, चहाची किटली येते. तिसऱ्या दिवशी घरात पुन्हा प्रार्थना असते. अंगणात सतरंज्या पडतात, पाहुणे येतात, घर माणसांनी भरून जातं.

चौथ्या दिवशी सतरंज्या गुंडाळतात. पाहुण्यांची गाडी निघते. आणि मैत्रिणींनो, खरं दुःख त्या दिवशी सुरू होतं.

आमच्या गटातल्या एका ताईचे मालक शेतात काम करता करता छातीत कळ येऊन गेले. वय एक्केचाळीस. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. भाऊ चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे. नारायण वामन टिळकांची भजनं आमच्या मंडळीत दर रविवारी म्हणतात, आणि भाऊंचा हात ढोलकीवर पडला की मागच्या बाकावरची म्हातारी माणसंसुद्धा टाळ्या धरायची.

मयतीनंतर ताई दोन रविवार उपासनेला आली. तिसऱ्या रविवारी आली नाही. चौथ्याही नाही. मंडळीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं विश्वास डळमळला, कुणी म्हणालं सैतान अशाच वेळी गाठतो. आमच्यातल्या दोघी तिच्या घरी गेल्या. ती गोठ्यात शेण भरत होती. हात न थांबवता ती जे बोलली, ते तिला विचारूनच इथे सांगतोय. ती म्हणाली, "भजन सुरू झालं की मला यांची ढोलकी ऐकू येते. आणि बाहेर पडले की जो तो म्हणतो, प्रभूची इच्छा होती, रडू नकोस. मग मी रडायचंच नाही का? देवाला एवढंसुद्धा विचारायचं नाही का, की माझ्याच घरात का?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. आजही नाही. पण आम्ही बायबल उघडलं, आणि ज्या गोष्टी लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केल्या होत्या त्या तिच्या बाजूनं वाचल्या.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथानीच्या लाजराची गोष्ट आहे. लाजर मेला. त्याला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर येशू त्या गावी पोहोचला. लाजराची बहीण मार्था वाटेतच त्याला गाठते आणि तोंडावर म्हणते, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे गाऱ्हाणं आहे. येशू तिला रागावत नाही, तुझा विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. पुढे मरीया रडत येते, तेव्हा तो स्वतः रडतो. लाजराला उठवणार हे माहीत असूनही रडतो.

ईयोबाचं पुस्तक घ्या. त्याची मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेलं. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढे सात दिवस ते चांगले मित्र होते. तोंड उघडून त्याला कारणं समजावू लागले, तिथून बिघडलं. शेवटी देव त्या समजावणाऱ्यांवरच रागावला.

आणि नामी. नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. बेथलेहेमात परत आल्यावर बायकांना म्हणते, मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. देवानंच मला कडू दिवस दाखवले, असं ती उघड बोलते. सून रूथ तिला धर्म शिकवत बसत नाही. ती सासूबरोबर चालत येते आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून दोघींच्या पोटाची सोय करते.

या तिन्ही गोष्टी आम्ही पाळकसाहेबांपुढे ठेवल्या आणि विनंती केली, की एका रविवारी यावर बोला. त्यांनी मार्थेवर उपदेश केला. देवापुढे रडणं आणि त्याच्याशी भांडणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे, स्तोत्रांच्या पुस्तकात अशी कितीतरी स्तोत्रं आहेत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ताई त्या दिवशीही आली नव्हती. पण कुजबुजणारे आले होते, आणि ते बरं झालं.

आता उपदेशानंतरचं काम. आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. तिच्यात दुःखाच्या घराचं वर्षभराचं वेळापत्रक लिहिलं. दर गुरुवारी दोघींनी जायचं. जाताना डबा न्यायचा, सल्ला न्यायचा नाही. तिनं म्हटलं तरच प्रार्थना करायची, तीही छोटी. भाऊंचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलीची परीक्षा, पहिला नाताळ, या तारखांवर लाल पेनानं खूण केली. पहिला नाताळ फार जड जातो. लोक त्या घराला चांदणी लावायची की नाही विचारतात आणि विचारूनच निघून जातात. आम्ही आदल्या रात्री करंज्या करायला तिच्याच ओट्यावर बसलो. बाराही जणी. पाच मैत्रिणींना नाताळच्या गीतांचे शब्द येत नव्हते, त्या लाटत होत्या.

कांद्याच्या लागणीला आम्ही सावड केली. दोन दिवसांत तिचं रान उरकलं. गटाच्या कर्जाचे तिचे तीन हप्ते थकले होते. मासिक सभेत ठराव करून इतिवृत्तात लिहिलं, की सहा महिने हप्ता पुढे ढकलावा आणि दंड लावू नये. असं लेखी असलं की बाईला मान खाली घालावी लागत नाही.

मग कागद. दुःखात कागद सुचत नाहीत, म्हणून ते मंडळीनं आणि गटानं पाहावेत. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. गेलेल्या माणसाचं पासबुक बारकाईनं वाचा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे वर्षाला 436 रुपये कापले गेले असतील, तर वारसाला 2 लाख रुपये मिळतात. आमच्या ताईला ते मिळाले नाहीत. त्या मे महिन्यात खात्यात पुरेसे पैसे नव्हते, म्हणून हप्ता गेला नाही आणि विमा बंद पडला होता. तेव्हापासून दर मे महिन्याच्या सभेत आम्ही बारा जणींची आणि घरच्यांची पासबुकं एकत्र तपासतो.

सगळ्यात अवघड गोष्ट जमिनीची होती. दोन महिने होतात न होतात तोच ताईपुढे स्टॅम्पपेपर आला. सही कर, पोरांचं आम्ही बघू, असं सासरच्यांचं म्हणणं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानंही सांगितलं, सही करून टाक, ख्रिस्ती बाईनं भांडू नये, क्षमा करावी.

मैत्रिणींनो, क्षमा ही आमच्या विश्वासाची मोठी शिकवण आहे. पण क्षमा म्हणजे लेकरांच्या तोंडचा घास देऊन टाकणं नव्हे. आम्ही वकिलांकडून समजून घेतलं. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल, तर 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मुलं असतील तर मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा विधवेचा आणि दोन तृतीयांश मुलांचा. मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं म्हणजे तो माणूस मालक होत नाही, पैशावर हक्क वारसांचाच राहतो. हे पाळकसाहेबांच्या घरी, दोन्ही बाजूंना समोर बसवून, शांतपणे वाचून दाखवलं. ताईनं सही केली नाही. सातबाऱ्यावर तिची आणि मुलांची वारस नोंद झाली. दीर-जाऊ अजून तिच्याशी बोलत नाहीत. प्रभुभोजनाला ते एका बाजूनं येतात, ही दुसऱ्या बाजूनं. तो घाव भरलाय असं आम्ही म्हणणार नाही. दोन्ही घरांसाठी आम्ही प्रार्थना करतो.

आमच्या आधीच्या बायकांनी ही वाट तुडवलेली आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली नवरा. कडेवर लहानगी मनोरमा. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं आणि 1896-97 च्या दुष्काळातल्या विधवांना, अनाथ मुलींना घरात घेतलं. नुसता उपदेश दिला नाही. छापखाना, विणकाम, शेती असं हाताला काम दिलं. आपल्या नगरशी जवळचं नातं असलेल्या लक्ष्मीबाई टिळक घ्या. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेत न गेलेल्या बाईनं. गेलेल्या माणसाचं अपुरं काम हातात घेणं हाही शोक करण्याचा एक मार्ग आहे, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

2021 च्या दुसऱ्या लाटेत मात्र मंडळीला पहिले तीन दिवससुद्धा मिळाले नाहीत. पेटीबरोबर मोजकी माणसं, चर्चला कुलूप, प्रार्थना फोनवर. मूठभर माती टाकायची राहून गेली, ही रुखरुख किती तरी घरांत अजून आहे. म्हणून आम्ही ईस्टरच्या पहाटे, दफनभूमीतल्या उपासनेच्या आधी, त्या काळात गेलेल्या प्रत्येकाच्या कबरेवर माती सारखी करतो, फुलं ठेवतो आणि नाव मोठ्यानं घेतो. उशीर झाला तरी मूठ टाकता येते.

ताईचं विचाराल तर ती आता काही रविवार येते, काही रविवार येत नाही. न आलेल्या रविवारी "का आली नाहीस" असं कुणी विचारत नाही. दुपारी कुणीतरी जाऊन बसतं. सुगीच्या उपासनेला लोक शेतातलं पहिलं पीक वेदीसमोर ठेवतात, मग त्याचा लिलाव होतो. त्या दिवशी ताई कांद्याची पिशवी घेऊन आली, सावडीच्या रानातली. मागच्या बाकावर बसली. भजनाला तिनं तोंड उघडलं नाही, पण उठूनही गेली नाही. मुलगा हल्ली ढोलकीवाल्याशेजारी जाऊन बसतो. अजून ताल चुकतो त्याचा.

तुमचा धर्म कोणताही असो, तुमच्या गल्लीतही असं एखादं घर असेल. दहावं-तेरावं झालेलं, चाळिसावा झालेला, पाहुणे परतलेलं घर. एक वही घ्या. चार मैत्रिणी गोळा करा. वार ठरवा, तारखा लिहा. जाताना "देवाची इच्छा" हे शब्द घरी ठेवून जा आणि कांदे चिरायला विळी घेऊन जा. ती बोलली तर ऐका, रडली तर रडू द्या, गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा. मंडळी, मंडळी म्हणतात ती हीच. चर्चच्या भिंती तिच्या घरापर्यंत चालत जात नाहीत, बायकांना जावं लागतं.

एवढं बोलून आम्ही बाराही जणी तुमचा निरोप घेतो. उद्या गुरुवार आहे, आमची पाळी आहे. जय ख्रिस्त, राम राम.