पियानोचे पहिले वर्ष
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



याच शाळेच्या बाकांवर बसून मी मुळाक्षरे गिरवली आणि गेली अनेक वर्षे याच बडोदे शहरात घरी मुलांना पियानो शिकवते आहे. त्यामुळे संयोजकांनी विषय सुचवला तेव्हा मला फार शोधाशोध करावी लागली नाही. आपल्या शाळेतील पालक मला वारंवार एक प्रश्न विचारतात. तो प्रश्न मुलांपेक्षा पालकांच्याच मनातील संकोचाचा असतो. "पियानो आपल्यासारख्यांसाठी आहे का हो? ते तर इंग्रजी शाळेतल्या, मोठ्या बंगल्यांतल्या मुलांचे वाद्य." आज या संकोचाविषयी थोडे बोलावे आणि मग सुरुवात प्रत्यक्षात कशी करावी हे सांगावे, असा माझा विचार आहे.

प्रथम परकेपणाचा प्रश्न. इ. स. १७००च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य घडविले. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'हळू आणि जोरात' असा आहे. स्वरलिपीवर लिहिलेल्या सूचना, म्हणजे पियानो, फोर्ते, आंदान्ते, आलेग्रो, या इटालियन भाषेतील आहेत. तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही त्या नव्यानेच शिकाव्या लागतात. या वर्गात मराठी मुलाची पाटी इतरांइतकीच कोरी असते.

किंबहुना ती पूर्णतः कोरीही नसते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांची पेटी आहे. संगीत नाटकांच्या साथीला पायाने भाता हलवून वाजवायचा ऑर्गन असे, हे ज्येष्ठांना स्मरत असेल. गाणाऱ्याला आपण सहज विचारतो, "तुमची पट्टी कोणती?" आणि उत्तर येते, "काळी चार" किंवा "पांढरी एक". ही पांढरी एक म्हणजेच पाश्चात्त्य संगीतातील 'सी'. पियानोवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी मांडलेल्या असतात. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी ती हीच. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या साधारण मध्यावर असलेल्या या पट्टीपासून बहुतेकांचा पहिला धडा सुरू होतो. ज्या घरात 'काळी चार' हा शब्द उच्चारला जातो, त्या घराला पियानोचा नकाशा निम्मा ठाऊकच असतो.

राहिला प्रश्न स्वर लिहिण्याचा. आपल्या बडोद्याने तरी त्याला परका म्हणू नये. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली येथे गायनशाळा निघाली, तिचे प्रमुख उस्ताद मौलाबक्ष यांनी स्वरलेखनाची पद्धती रचली आणि १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच नगरीत भरली. संगीत कागदावर उतरवून शाळेत शिकवता येते, हा विचार या शहरात शंभर वर्षांहून जुना आहे.

आता पेटी आणि पियानो यांतील भेद सांगते, कारण सुरुवातीच्या अडचणी तेथूनच उद्भवतात. पेटीचा स्वर भात्यातील हवेवर टिकतो. लहानमोठा आवाज भाता ठरवितो. पियानोत पट्टी दाबताच आत एक हातोडी तारेवर आदळते आणि स्वर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. आवाज किती मोठा, हे बोट किती वेगाने खाली गेले यावर ठरते. म्हणजे पेटीत जे काम डाव्या हाताने भाता करतो, ते येथे दहाही बोटांनी करावयाचे असते. आणि डावा हात, जो पेटीवर साथीदार होता, तो येथे स्वतंत्रपणे वाजवू लागतो. पेटी उत्तम वाजविणारा मुलगाही पहिल्या महिन्यात डाव्या हाताशी अडखळतो, तो यामुळेच. त्याची बुद्धी मंद असते म्हणून नव्हे.

मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तेथे नाही, मींड नाही, दरबारीचा आंदोलित गंधार नाही. म्हणून गाणे शिकणाऱ्या मुलाचा तंबोऱ्यावरचा रियाज पियानोने भागत नाही. दोन्ही शिकणाऱ्या मुलाला मी एवढेच सांगते, की पियानोवर 'सी'ला 'सी'च म्हणावे. आपला 'सा' कोणत्याही पट्टीवर बसतो, 'सी' मात्र आपली जागा सोडत नाही. दोन्ही नावांची सरमिसळ केली नाही, तर दोन्ही विद्या एकमेकींना साहाय्यच करतात.

आता वाद्याविषयी. पहिल्याच दिवशी मोठा लाकडी पियानो घेण्याची गरज नाही. मात्र एकसष्ट हलक्या पट्ट्यांचा खेळण्यासारखा कीबोर्डही फार दिवस पुरत नाही. त्यावर बोटांना वजनाची ओळख होत नाही. मध्यम मार्ग म्हणजे अठ्ठ्याऐंशी वजनदार पट्ट्यांचा, पेडल असलेला डिजिटल पियानो. साधा नमुना एखाद्या दुचाकीहून कमी किमतीत मिळतो, त्याला सूर लावावा लागत नाही आणि हेडफोन लावल्यास शेजाऱ्यांची झोपमोडही होत नाही. जुना लाकडी पियानो स्वस्तात मिळत असेल, तर तंत्रज्ञाला दाखविल्यावाचून घेऊ नये. त्यात दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा असतो. तारा गुंडाळलेल्या खुंट्या सैल झाल्या असतील किंवा आतला ध्वनिफलक तडकला असेल, तर स्वस्त वाटलेले वाद्य महागात पडते. पावसाळ्यातील दमटपणा आणि उन्हाळ्यातील कोरडेपणा या दोहोंनी लाकूड फुगते व आक्रसते. म्हणून असा पियानो ओल येणाऱ्या भिंतीपासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवावा व वर्षातून एकदोन वेळा त्याचा सूर लावून घ्यावा.

बसण्याकडे घरोघरी दुर्लक्ष होते. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पट्ट्यांना साधारण समांतर राहील इतके आसन उंच हवे. लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. पाय टेकले की पाठ सरळ होते आणि पाठ सरळ झाली की खांदे सैल पडतात.

शिक्षकाची निवड करताना त्याच्या प्रमाणपत्रांइतकेच त्याच्या शिकवण्याकडे पाहावे. एक धडा समोर बसून ऐकण्याची अनुमती मागावी. मुलाचे चुकल्यावर शिक्षक स्वतः वाजवून दाखवितो का, मुलाला कानाने ओळखायला लावतो का, नवे पान वाचायला देतो का, हे पाहावे. शुल्क, बुडालेल्या तासाचा नियम आणि सुट्ट्या यांविषयी आरंभीच स्पष्ट बोलून घ्यावे. मागाहून होणारी कटुता त्याने टळते. सहा-सात वर्षांचे, अक्षरे वाचू लागलेले मूल आठवड्याला अर्ध्या तासाच्या धड्याने उत्तम सुरुवात करते. मोठ्यांनीही संकोच बाळगू नये. प्रौढ माणसाची बोटे सावकाश वळतात खरी, पण त्याला समजते लवकर.

पहिल्या तीन महिन्यांत मूल काय शिकते? दोन्ही हातांचा अंगठा एक आणि करंगळी पाच, हे बोटांचे क्रमांक, पाच पट्ट्यांवर स्थिर हात, उजव्या हातासाठी वरच्या आणि डाव्यासाठी खालच्या पाच रेघा, मात्रा मोजणे. ऐकायला हे थोडके वाटते. परंतु दोन ओळी एकाच वेळी वाचून दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी करणे, ही मेंदूची मोठी कसरत आहे. घरी मराठी, शेजारी गुजराती, दुकानात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा चार भाषांत वावरणारी आपली मुले या कसरतीला बिचकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

सराव रोज पंधरा मिनिटे व्हावा. रविवारी बसून दोन तास केलेला सराव त्याची जागा घेऊ शकत नाही. रीत साधी आहे. संपूर्ण तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हापुन्हा वाजवू नये. अवघड वाटणारे चार आवर्तनखंड निवडावेत, आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही. आणि गती इतकी संथ ठेवावी की चूक होणारच नाही. बोटे बरोबर गोष्टीइतक्याच निष्ठेने चूकही पाठ करतात.

पालकांना स्वरलिपी येत नसली तरी काही बिघडत नाही. जवळ बसावे आणि "आज कोणती जागा कठीण गेली ते मला वाजवून दाखव" असे म्हणावे. "किती गुण मिळाले?" हा प्रश्न त्यानंतर विचारला तरी चालेल.

गुणांवरून परीक्षांकडे येते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या व एबीआरएसएमच्या परीक्षा आपल्या देशात होतात. प्रारंभिक पायरी आणि मग पहिली ते आठवी श्रेणी असा त्यांचा क्रम आहे. त्या उपयुक्त आहेत, त्यांनी शिस्त लागते. परंतु वर्षभर परीक्षेचेच दोन-तीन तुकडे घोटणारे मूल पाचव्या श्रेणीचे प्रमाणपत्र मिळवूनही एखादे साधे गाणे समोर ठेवले तर वाचू शकत नाही, हे मी पाहिले आहे. दोन परीक्षांच्या मध्ये छोट्या रचनांचा मोकळा संग्रह असावा. बाखच्या घरातील १७२५ची आना माग्दालेनाची वही, शूमानने १८४८ साली लिहिलेले मुलांसाठीचे तुकडे, किंवा बार्तोकचे सहा भागांतील 'मिक्रोकॉस्मोस', ज्याचे पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला अर्पण केले, हे सारे शिकणाऱ्यांसाठीच घडलेले आहे. या थोर रचनाकारांनी घरातील मुलांसाठी लिहिले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

शेवटी जे मनाला सर्वाधिक लागते ते सांगते. माझ्याकडील बहुसंख्य मुले थांबतात ती कंटाळ्याने नव्हे. ती नववीच्या उंबरठ्यावर थांबविली जातात. "आता दहावी, मग बारावी, मग पाहू." ते 'मग' क्वचितच येते. सहा वर्षे वळविलेली बोटे दोन वर्षांत परकी होतात, आणि नेमक्या त्याच वयात मनावरचा भार उतरवायला मुलांना काहीतरी हवे असते. पालकहो, माझी आपणास विनंती आहे, की त्या वर्षी धडे महिन्यातून एकदाच ठेवा, परीक्षा देऊ नका, नवे काही शिकवू नका. पण रोजची दहा मिनिटे काढून घेऊ नका. ती दहा मिनिटे अभ्यासातून चोरलेली नसतात. अभ्यासाला पुन्हा बसण्याचे बळ तीच देतात.

आपल्या शाळेने साठ वर्षे मातृभाषेतून शिकवताना आपल्याला एक गोष्ट दिली : पाय आपल्या मातीत घट्ट असले की कोणतीही विद्या परकी राहत नाही. त्या विश्वासाने आपल्या मुलांना जे वाजवावेसे वाटेल ते वाजवू द्या. घरात पेटी असेल तर आज संध्याकाळीच तिच्यावरची धूळ झटका आणि मुलाला विचारा, "यातली पांढरी एक कोणती?" पहिला धडा त्या प्रश्नानेच सुरू होईल.