टिपऱ्यांचं घर आणि आमचं घर

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेलं भाषण)



आम्ही सरकारी नोकर, त्यामुळं सीमेवर बोलत नाही. मंडळानं विषय विचारला तेव्हा टीव्हीवरच्या विनोदी मालिका सांगून मोकळे झालो. तयारीला बसलो तेव्हा कळलं, सीमा तिथंही आहेच.

१९८८ साली दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' लागली, तेव्हा आम्ही शाळकरी. गल्लीत टीव्ही एक, बघणारे तीस. आर. के. लक्ष्मण यांच्या डोक्यातून निघालेला हा साधा नोकरदार. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांचा तो संसार. पुढं २००१ मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरची. पुस्तक रोजनिशीच्या रूपातलं, म्हणून मालिकेत कटकारस्थान नाही. दिवसभरात घरात जे होतं तेवढंच. आबा, शेखर, श्यामला आणि दोन मुलं. तीन पिढ्या एका घरात कोंबल्या की विनोद आपोआप होतो, मुद्दाम तोंडं वेडीवाकडी करावी लागत नाहीत. (हल्ली करतात. आम्हाला ते रुचत नाही.) 'तारक मेहता'तले भिडे मास्तर तर अनगोळ-वडगावच्या प्रत्येक कॉलनीत एक आहेतच. पाण्याच्या टाकीची सूचना तेच लिहितात.

शेजारच्या कानडी अक्कांकडं त्याच काळात सिहि कहि चंद्रू यांच्या 'पाप पांडू' आणि 'सिल्ली लल्ली' चालायच्या. आमची कानडी खात्याच्या परीक्षेपुरती होती. नवरा-बायकोनं भांडायची कानडी त्या पांडूनं शिकवली. ऑफिसात आज तीच उपयोगी पडते.

मग तक्रार कसली? हे सगळं आमचंच वाटायचं, खरं बोलणं आमचं नव्हतं.

आमच्या भागात 'पण' म्हणायला आपण 'खरं' म्हणतो. आपल्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. कोल्हापूरकडंही म्हणतात. पिढ्यान् पिढ्या असंच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या घरात पहिल्यांदा वाटलं ते आमच्या मुलीला, सहावीत असताना. आजीला म्हणाली, "आजी, आलो नाही, आले म्हण. टीव्हीत बघ." आम्ही सगळे हसलो. आईपण हसली. त्यानंतर पुण्याचे पाहुणे आले की आई आत चहा करत बसायला लागली. चहा तर सूनबाई करत होती. हे आमच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली.

मालिकेत आपल्यासारखं बोलणारा येतो तो बहुधा गडी नाहीतर पैलवान. पु. ल. देशपांडे बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. त्यांनी 'गणगोत'मध्ये आपल्या रिट्झ थिएटरचे रावसाहेब लिहिले, कानडी हेलासकट, शिव्यांसकट. उभा महाराष्ट्र त्या माणसावर जीव टाकतो. म्हणजे आपल्या बोलण्यात अडचण नाही. ते प्रेमानं ऐकणारा पाहिजे.

आपल्या घरावर मालिका काढायची तर माल कमी आहे काय? नळाला पाणी यायच्या दिवशी रजा टाकणारे आम्ही. पोराला कुठल्या माध्यमात घालायचं यावर चाललेलं घरातलं महायुद्ध. भावाच्या लग्नाला कोल्हापूरला निघालो, तर तणावामुळं बसगाड्या बंद. आहेराची भांडी डोक्यावर घेऊन वरात कोगनोळी नाक्यापलीकडं चालत गेली, पलीकडं दुसरी गाडी. हंडा कर्नाटकात घरंगळला आणि महाराष्ट्रात सापडला. मामा अजून तो हंडा दाखवतात.

पुढच्या वर्षी मंडळानं अर्ध्या तासाचं एक प्रहसन बसवावं, आपल्या बोलीत, असं कार्यकारिणीला सुचवलंय. हंड्याचा प्रसंग आम्ही लिहून देतो. आजीच्या कामाला बाहेरची नटी नको, म्हणून परवा आईला विचारलं, "स्टेजवर येशील काय?"

आई म्हणाली, "येतो की. खरं, लुगडं कुठलं नेसू?"