गाठोडे कसे सोडावे?



आपला नाशिक जिल्हा द्राक्षांचा. द्राक्षे वाळवली की बेदाणे होतात. पेटीभर माल पिशवीत मावतो. पण बेदाण्याचे पुन्हा द्राक्ष होत नाही.

संगणकात मात्र ही किमया होते. तिथे कागद आवळून लहान करता येतात आणि पुन्हा जसेच्या तसे बाहेर काढता येतात. अशा आवळलेल्या गाठोड्याला 'झिप फाईल' म्हणतात. ही रीत १९८९ साली अमेरिकेत फिल कॅट्झ यांनी लोकांपुढे आणली.

कागद लहान होतात कसे? लासलगावच्या बाजारातली यादी डोळ्यांपुढे आणा. शंभर ओळींत 'उन्हाळ कांदा' लिहायचं आहे. हुशार कारकून ते एकदाच लिहितो. खाली 'वरीलप्रमाणे' अशी खूण करतो. जागा वाचते, आणि हिशेबही चुकत नाही. संगणक तेच करतो. गाठोडे सोडताना तो खुणेच्या जागी मूळ शब्द पुन्हा घालतो.

आता समजा, मुलीने पुण्याहून कर्जाचे दहा कागद एका झिप फाईलमध्ये पाठवले. उद्या ते बँकेत द्यायचे आहेत. मग काय करायचं? घाबरू नका. विंडोजचा संगणक असेल, तर त्या फाईलवर माऊसचे उजवे बटण दाबा. 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' निवडा. म्हणजे 'सगळे बाहेर काढ'. कागद कुठे ठेवायचे ते संगणक विचारील. जागा सांगा. तिथे दहाही कागद मोकळे दिसतील. मूळ गाठोडेही तसेच राहील. गाठोडे न सोडता आतल्या कागदावर काही लिहू नका. लिहिलेले टिकेलच असे नाही.

काही गाठोड्यांना कुलूप असते. त्याची किल्ली म्हणजे पासवर्ड. तो पाठवणाऱ्यालाच विचारा.

पण मंडळी, गाठोडे आधी ओळखा, मग सोडा. एसटीत अनोळखी माणसाचे गाठोडे आपण घरी आणतो का? झिप फाईलमध्ये चोराचा प्रोग्रामही लपलेला असू शकतो. तो चालू केला, तर बँकेचा पासवर्ड चोराच्या हाती जाऊ शकतो आणि कष्टाचा पैसा बुडतो. फाईल ओळखीच्या नावाने आली, तरी मागवलेली नसेल तर आधी फोन करा. "तूच पाठवलीस ना?" असे विचारा.

विचारण्यात कमीपणा नाही. आपण अक्षरे शिकलो, तीही विचारून विचारूनच!