धूम्रपानत्याग आणि सोबत्यांचा आधार

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगल समयीं देवळाच्या इतिहासाविषयीं, शाळेविषयीं आणि गायनमंडळाविषयीं विद्वान वक्त्यांचे विचार आपण ऐकिले. आम्हांस नेमून दिलेला विषय या मालिकेंत थोडा विजोड दिसेल. विडी अथवा सिगारेट सोडूं पाहणाऱ्यास सोबत्यांचा काय उपयोग होतो, हें आम्हांस सांगावयाचें आहे. आम्ही डॉक्टर नव्हों, उपदेशकही नव्हों. आमची पात्रता एवढीच कीं, प्रवचन सुरू होतांच देवळाच्या उत्तरेकडील भिंतीआड जाऊन जे लोक उभे राहत, ते आम्हीच. महोत्सवासाठीं ती भिंत रंगविली तेव्हां विड्या विझविल्याचे काळे डाग झांकण्यास रंगाऱ्यास दोन हात अधिक द्यावे लागले. त्या डागांत आमचा वांटा मोठा आहे.

सन १६४२ सालीं पोप आठवे अर्बन यांनीं सेव्हिलच्या धर्मप्रांतांतील देवळांत तंबाखूचें सेवन करणाऱ्यांस बहिष्काराची शिक्षा सांगितली होती. आम्हांस हा इतिहास ठाऊक नव्हता. परंतु भिंतीच्या बाहेरच्या अंगास उभें राहावयाचें, इतकी सावधगिरी आम्हीं आपल्या बुद्धीनें राखिली होती.

आमच्यापैकीं कोणीही विडी एकट्यानें सुरू केली नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. कोणी पंधराव्या वर्षीं केली, कोणी विसाव्या. कोणाला ती वाडींत पाणी लावतांना थोरल्या चुलत भावानें दिली, कोणाला कारखान्यांतील रात्रपाळीच्या सोबत्यानें. पहिला झुरका ओढतांना प्रत्येकास ठसका लागला, प्रत्येकाला कोणीतरी हंसलें, आणि त्या हंसण्यास भिऊन प्रत्येकानें दुसरा झुरका ओढला. पुढें काडेपेटी नसली तर एकाच्या विडीवर दुसऱ्यानें आपली पेटवावी, हा तर आमच्या मैत्रीचा विधिच होऊन बसला. ही संवय आम्हांस माणसांकडून मिळाली. मात्र ती सोडावयाची वेळ आली तेव्हां आम्ही प्रत्येक जण एकटाच सोडूं लागलों, तीही चोरून, म्हणजे न सुटल्यास कोणास कळूं नये.

ती सुटत नसे. तंबाखूंतील निकोटीन धुराबरोबर कांहीं सेकंदांत मेंदूंत पोहोंचतें, आणि मेंदू त्याला एकदां सरावला कीं तें न मिळतांच चिडचिड, निद्रानाश, बेचैनी आणि अतिशय भूक हीं लक्षणें उठतात. पहिला आठवडा सर्वांत कठीण. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. आम्हांस हें कोणीं सांगितलें नव्हतें. तिसऱ्या दिवशीं बायकोमुलांवर उगाच ओरडल्यानंतर आम्हांस वाटे कीं आपला स्वभावच दुष्ट आहे, आणि विडीवांचून आपण माणसांत राहण्यास लायक नाहीं. मग चहाच्या पेल्याबरोबर एक विडी, आणि सर्व पूर्ववत्.

आतां एक चमत्कारिक गोष्ट सांगतों. याच विड्या आम्ही दर वर्षीं उपवासकाळांत सोडीत असूं. राखेच्या बुधवारीं कपाळास राख लागली कीं बंडल बंद, तें थेट ईस्टरपर्यंत. (आमच्यांतील एक गृहस्थ रविवार चाळीस दिवसांत मोजत नाहींत, असा शास्त्राधार काढून रविवारीं एक ओढीत, परंतु तो अपवाद सोडून द्यावा.) एरवीं ज्यांस चार तास कंठवत नसत, ते चाळीस दिवस कंठीत, आणि ईस्टरच्या दुपारीं जेवणानंतर पुनः पेटवीत. सहा वर्षांपूर्वींच्या उपवासकाळांत आमच्या मंडळींतील सर्वांत वडील, ज्यांस आम्ही नुसते काका म्हणत असूं, त्यांनीं भिंतीआड एक प्रश्न टाकिला. ते म्हणाले, “बाबांनो, आपण चाळीस दिवस राहतों, मग एकेचाळिसाव्या दिवशीं काय होतें?”

उत्तर शोधण्यास आम्हांस दोन रविवार लागले. उपवासकाळांत आम्हांस कोणी विडी देऊं करीत नसे, आम्हीही कोणापुढें करीत नसूं. वाटेंत भेटणारा प्रत्येक जण “काय, चाललंय ना?” म्हणून विचारी. एकाच वेळीं सर्वांचे खिसे रिकामे असत, आणि तलफ आली तर ती लपवावी लागत नसे, उघड बोलतां येई. ईस्टरच्या दुपारीं विडीपेक्षां हें सोबतीचें कुंपण आधीं मोडत असे. तेव्हां त्या वर्षीं आम्ही नऊ जणांनीं ठरविलें कीं, यंदा ईस्टरला जेवण करावयाचें, गाणीं म्हणावयाचीं, परंतु कुंपण तेवढें मोडावयाचें नाहीं.

हा शोध आमचाच, असें आम्हांस त्या वेळीं वाटलें. मागाहून वाचनांत आलें कीं पुष्कळांनीं तो आधींच लावला होता. सन १९३५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील ॲक्रन या शहरीं बिल विल्सन नांवाचा एक मद्यपी, ज्यानें कांहीं महिन्यांपूर्वीं दारू सोडली होती, मोहाच्या अगदीं कांठावर उभा होता. त्यानें आपणांस सोडविणारा मनुष्य शोधला नाहीं. आपल्यासारखाच दुसरा मद्यपी शोधला. तो निघाला शस्त्रवैद्य बॉब स्मिथ. त्या दोघांच्या बोलण्यांतून जी मंडळी निघाली ती अल्कोहोलिक्स अनॉनिमस, जिच्या सभा आज महाराष्ट्रांतही भरतात. परंतु या कथेची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाहीं. हजारोंना दारूंतून सोडविणारा हा विल्सन सिगारेटच्या अधीन होता, आणि सन १९७१ सालीं फुप्फुसांच्या विकारानेंच तो वारला. दारूसाठीं त्याला सोबती होते. तंबाखूसाठीं नव्हते, कारण त्या सभांतच धूर कोंदलेला असे. तंबाखू सोडणाऱ्यांच्या निराळ्या मंडळ्या त्याच धर्तीवर कॅलिफोर्नियांत निघाल्या, त्या १९८० नंतर.

एकट्यानें कोणासच साधत नाहीं, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट यानें १८८४ सालीं दारू सोडली, तीही प्रथम तीनच महिन्यांच्या शपथेनें. ज्या सोबत्यांवर त्यानें मजुरी उधळली, त्यांनीं खिसा रिकामा असलेल्या दिवशीं त्याच्याकडे पाठ फिरविली होती. पुढें त्यानें तंबाखूही सोडली, आणि ती दारूपेक्षां जड गेली असें चरित्रकार सांगतात. पवित्र सभेनें त्याला १९७५ सालीं ‘आदरणीय’ ही पदवी दिली. अशा पुरुषापुढें आम्ही मान लववितों. परंतु आम्ही भिंतीआडचे लोक आहों, आणि आम्हांस नऊ जण लागले.

शास्त्रही आमच्या बाजूस आहे. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम येथील पाहणींतील १२,०६७ माणसांचे १९७१ ते २००३ पर्यंतचे परस्परसंबंध तपासून २००८ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, पतिपत्नींपैकीं एकानें सोडली तर दुसऱ्यानें ओढीत राहण्याची शक्यता शेंकडा ६७ नें कमी होते. मित्रानें सोडली तर शेंकडा ३६ नें. लोक एकेकटे नव्हे, तर घोळक्याघोळक्यानें सोडतात. त्याच पाहणींत एक दुःखाची गोष्टही दिसली: जे मागें राहतात ते हळूहळू समाजाच्या कडेला ढकलले जातात. या दुसऱ्या गोष्टीचा अर्थ आम्हांस जसा कळला, ती हकीकत आतां सांगणें प्राप्त आहे. आणि ती आम्हांस भूषणावह नाहीं.

पहिल्या वर्षीं आम्ही दर गुरुवारीं संध्याकाळच्या रोझरीनंतर जुन्या शाळेच्या ओसरीवर बसूं लागलों. प्रत्येकानें आपला आठवडा सांगावा, इतकाच नियम. सहा महिन्यांत आमचें नांव झालें, प्रवचनांत आमचा उल्लेख झाला, आणि आम्ही अभिमानानें फुगलों. पावसाळ्यांत आमच्यांतील एकाची आई वारली. मातीच्या रात्रीं अंगणांत बसलेल्या पाहुण्यांपैकीं कोणीं तरी विडी पुढें केली आणि त्यानें घेतली. पुढल्या गुरुवारीं तो आला तेव्हां सदऱ्याला वास होता. त्यानें लपविलें नाहीं. सांगावयासच तो आला होता. आम्हीं काय करावें? एक म्हणाला, “सगळ्या गांवांत आपलं हसं केलंस.” दुसऱ्यानें मान फिरविली. तिसऱ्यानें त्याला आईच्या आत्म्याची आठवण करून दिली, हें तर फारच वाईट. तो उठला आणि गेला. चार महिने तो ओसरीवर आला नाहीं. मोठी मिस्सा सोडून पहांटेच्या मिस्सेस जाऊं लागला, म्हणजे आमची गांठ पडूं नये. भिंतीआडच्या ज्या लोकांनीं त्याला पहिली विडी दिली, त्यांनींच आतां त्याला भिंतीआड एकटा उभा केला.

काकांनीं आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं. त्यांनीं वयाच्या सासष्टाव्या वर्षीं विडी सोडली होती, आणि त्यांची फुप्फुसें आधींच गेलेलीं होतीं. बांधावरून शंभर पावलें चालल्यावर थांबावें लागे. एका संध्याकाळीं ते काठी टेकीत त्याच्या केळीच्या वाडीवर गेले, विहिरीच्या काठावर बसले, केळीच्या भावाविषयीं बोलले आणि परत आले. दुसऱ्या दिवशींही तसेंच. तिसऱ्या दिवशीं त्यानें आपण होऊन विचारलें, “काका, माझ्याच्यानं होईल का हो?” काका म्हणाले, “मी अकरा वेळां सोडली. तूं अजून एकदांच सोडलीस.” त्या गुरुवारीं ते दोघे बरोबरच ओसरीवर आले. आम्हीं क्षमा मागितली. मागणें सोपें गेलें नाहीं.

इंग्लंडांत १९५१ सालीं डॉक्टरांचीच एक पाहणी सुरू झाली व ती पन्नास वर्षें चालली. तींत असें निघालें कीं, जन्मभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षें आधीं जातो; तिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यास तीं जवळजवळ सर्व परत मिळतात, चाळिसाव्यास नऊ, पन्नासाव्यास सहा, आणि साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यास तीन. काका गेल्या पावसाळ्यांत गेले. त्यांच्या वांट्यास आलेल्या जास्तीच्या दिवसांतील तीन संध्याकाळी त्या विहिरीच्या काठावर गेल्या, आणि तेथें बसलेला तो मनुष्य आज या मंडपांत खुर्च्या मांडीत होता.

तेव्हांपासून आमच्या ओसरीची रीत बदलली. ज्याची सुटली त्यानें आधीं बोलावयाचें नाहीं. ज्याची सुटली नाहीं त्यानें आधीं. विचारल्यावांचून सल्ला नाहीं. तलफ आली कीं टेलिफोन करावयाचा, मध्यरात्रीं असला तरी. कारण तलफेचा जोर फार तर कांहीं मिनिटांचा असतो, आणि तेवढा वेळ भरतीओहोटीविषयीं किंवा नव्या सुनेच्या स्वयंपाकाविषयीं बोलण्यांत सहज जातो. खिशांत बडीशेप अथवा लवंग ठेवावी. पहिले पंधरा दिवस चहा कमी करावा, कारण चहा आणि विडी हीं सख्खीं भावंडें आहेत. ज्याला फारच कठीण जातें त्याला आम्ही डॉक्टरकडे नेतों; निकोटीनची च्युइंग गम किंवा गोळ्या घेण्यांत कमीपणा मानणें हा निव्वळ अहंकार आहे. सरकारचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांकही आहे. आमच्यांतील एका लाजाळू तरुणानें आम्हांस सांगण्यापूर्वीं तेथेंच मन मोकळें केलें.

घरच्या माणसांस एक विनंति. रोज संध्याकाळीं सदरा हुंगून पाहणें हा आधार नव्हे. जो मनुष्य तिसऱ्या दिवशीं चिडला आहे, त्याला चार दिवस चिडूं द्यावें. आणि भगिनींनो, आपण हंसतां खऱ्या. परंतु २०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणें आपल्या देशांत शेंकडा १०.७ प्रौढ धूम्रपान करितात, तर धूर न करणारी तंबाखू सेवन करणारे शेंकडा २१.४ आहेत. चुलीमागच्या मशेरीच्या डबीविषयीं आम्ही अधिक कांहीं बोलत नाहीं. तीन जणींनीं मंगळवारीं आपली निराळी बैठक धरिली आहे, आणि तेथें आम्हांस प्रवेश नाहीं.

नवांपैकीं आज सहा जण विडीवांचून आहेत. दोघे सोडतात, ओढतात आणि पुनः सोडतात. परंतु गुरुवार चुकवीत नाहींत. काकांच्या जागीं कोणी बसावयाचें यावर वाद झाला, म्हणून ती जागा नव्यानें येणाऱ्यासाठीं ठेविली आहे. बैठक रोझरीनंतर साडेसातास भरते, ओसरीवर दिवा असतो. येणाऱ्यानें विडी सोडूनच यावें, अशी अट नाहीं. खिशांत बंडल असलें तरी तसेंच यावें. तें कोठें ठेवावयाचें तें आम्ही दाखवूं.