ओहोटीची वेळ

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मी एम. एस. डब्ल्यू. झालेली बाई. सागरी जीवशास्त्राशी आपला काय संबंध, असं गेल्या वर्षापर्यंत मीही म्हणत होते. मग रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात बचत गटाच्या बैठकीला एक मुलगी आली. प्राणिशास्त्रात एम. एस्सी., पीएच. डी.ला नाव नोंदवलेलं, विषय तिसऱ्यांचं प्रजनन. मला वाटलं, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून हवा असेल. ती म्हणाली, "ताई, पहाटे माझ्याबरोबर खाडीत उतरायला एक बाई द्या."

या प्रबंधाचं घड्याळ चंद्राच्या हातात असतं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त ओसरतं, खालचा चिखल तेव्हाच उघडा पडतो. आपल्याकडे ही मोठी ओहोटी येते पहाटे पाच-सहाच्या सुमारास, नाहीतर तिन्हीसांजेला. हाताशी जेमतेम तास-दीड तास. तेवढ्यात दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर चौकट टाकायची, तिच्यातला चिखल खणून चाळायचा, तिसऱ्या मोजायच्या, पाण्याचं तापमान घ्यायचं, खारेपणा तपासायला बाटली भरायची. मग प्रयोगशाळेत लांबी, वजन, आणि जननग्रंथी किती भरली ते सूक्ष्मदर्शकाखाली. हे दर महिन्याला, निदान बारा महिने, आषाढातल्या पावसातसुद्धा. दोन महिने चुकले आणि तिसऱ्यांनी अंडी नेमकी तेव्हाच सोडली, तर पुन्हा वर्ष मोजा.

घरी विचारलं, अंधारात एकटी कुठे निघालीस? बरोबरचा विद्यार्थी सोबत आला, तर गावात कुजबुज. मार्गदर्शकांनी सुचवलं, प्रयोगशाळेत बसून होईल असा विषय घे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण अशा चांगल्या मनाच्या सल्ल्यांनी किती मुली किनाऱ्यावरून परत फिरल्या असतील!

'सायलेंट स्प्रिंग' लिहिणारी रेचल कार्सन १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॅटफिशच्या गर्भातल्या मूत्रपिंडावर प्रबंध लिहून एम. ए. झाली. पुढची पीएच. डी. घरच्या ओढगस्तीपायी सुटली. १९४९ साली ती ज्या सरकारी खात्यात नोकरीला होती, त्याच खात्याच्या संशोधन-जहाजावर तिला जायचं होतं. जहाजावर सगळे पुरुष, एकट्या बाईला कसं न्यायचं? शेवटी मारी रॉडेल ही मैत्रीण सोबत गेली, तेव्हा जमलं. आपल्या नागपूरच्या अदिती पंत समुद्रशास्त्रज्ञ म्हणून १९८३ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या. तर सोबतीण मागणारी आमची मुलगी काही जगावेगळी नव्हे.

खरी गंमत पुढेच आहे. त्याच पहाटे, त्याच चिखलात गावातल्या आठ-दहा जणी टोपल्या घेऊन तिसऱ्या काढायला उतरतच होत्या! त्यांना कोणी विचारत नाही, अंधारात कुठे चाललीस. पोटासाठी बाई अंधारात गेलेली चालते, अभ्यासासाठी गेली की घराण्याची अब्रू आड येते. मुलगी त्यांच्याबरोबर जाऊ लागली. कुठल्या महिन्यात तिसरी भरलेली, कुठल्या महिन्यात नुसतं पाणी, हे या बायकांना तोंडपाठ. त्यांची नावं प्रबंधात छापून यावीत, असा आमचा आग्रह आहे. 'आभार'मध्ये घालू, असं उत्तर मिळालंय. त्यावर आम्ही अजून भांडतोय.

सातव्या महिन्यात लग्न ठरलं, सासर नाशिकचं. मी नियम काढून बसले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत आहे, लग्नामुळे गाव बदललं तर संशोधनाची माहिती दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. २०१५ च्या नियमांप्रमाणे अभ्यासासाठी गेलेली जागा आणि तिथे नेणारं वाहनही विद्यापीठाच्या परिसरात धरतात, म्हणजे खाडीवर छेड काढली तरी अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. हे मुलींना कोणी सांगत नाही, तुम्ही सांगा. पण आकडे नाशिकला नेता येतात, खाडी नेता येत नाही! दोन्ही घरांबरोबर तीन बैठका झाल्या. मुलाची आई शेवटपर्यंत नाराज होती. तरी तारीख पुढे गेली, बाराव्या नमुन्यानंतरची धरली.

तो बारावा नमुना येत्या पौर्णिमेला आहे. कोणाला यायचं असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या. जुने कपडे आणा, आणि बॅटरी.